नापास बाटल्यांचे गुरुवार

"तुमची पिशवी गळतेय," तो म्हणाला.

गोदामाचा जिना अरुंद होता. मी वर चढत होते, तो खाली उतरत होता, आणि दोघांपैकी एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागणार होतं. बाहेर सकाळपासून आभाळ भरून आलेलं, जिन्यातली ट्यूब फडफडत होती आणि माझ्या नाकावर राग होता. मी भांडायलाच आले होते, त्यामुळे बाजूला होण्याचा प्रश्न नव्हता.

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्यासाठीच आलेय. बाटली तुमच्याकडचीच आहे."

तो आणखी दोन पायऱ्या उतरला आणि त्याने पिशवीच्या तळाशी सरळ स्वतःचा तळहात धरला. एक थेंब पडला... मग दुसरा. हात तसाच धरून तो थोडा थांबला, स्पिरिट उडून जाऊ दिलं, आणि मगच नाकाशी नेला. एवढं थांबणारं माणूस मी बाबांशिवाय दुसरं पाहिलं नव्हतं. बाकीचे लगेच हुंगतात आणि नुसतं स्पिरिट नाकात गेलं म्हणून शिंकतात.

"वास फार चांगला आहे," तो म्हणाला. "बाटली वाईट आहे."

"बाटली तुमची आहे."

"म्हणून तर म्हणतोय. परक्याच्या बाटलीला मी नावं ठेवत नाही."

आणि तोच भिंतीला चिकटून उभा राहिला. मी वर गेले. तो माझ्या मागोमाग परत वर आला. खाली कुठे चालला होता ते मी विचारलं नाही आणि त्यालाही बहुधा आठवलं नाही.

वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. सगळे त्याला मास्तर म्हणत, गोदामाचे मालकसुद्धा. शिकवत काही नव्हता, बाटल्यांना नापास करायचा. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर बाटल्या: काही उभ्या, काही आडव्या, काही उलट्या टांगलेल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कोपऱ्यात एक गरम कपाट, शेजारी फ्रिज, आणि टेबलावर काचेच्या पेटीतला नाजूक वजनकाटा. खोलीला खिडकी एकच होती. तिच्यातून समोरच्या गोदामाची करडी भिंत दिसायची, तीही अर्धीच.

त्याने माझी बाटली दिव्याशी धरली. मला ती पाहताक्षणी आवडली होती... काचेहून नितळ, अंगाला पैलू पाडलेले. आता तिच्या खांद्यापासून बुडापर्यंत केसासारख्या बारीक रेघा पडल्या होत्या.

"किती टक्के स्पिरिट आहे यात?"

"पंचाहत्तर."

"हे प्लास्टिक पाण्यासाठी असतं. स्पिरिट त्याला हळूहळू चिरत जातं. तुम्ही नुसत्या रूपावर गेलात."

"आणि तुम्ही कशावर जाता?"

"मी?" त्याने बाटली उलटी केली. "मी फक्त गळतेय का ते बघतो."

मला हसू आलं. भांडायला आलेल्या बाईला हसू येणं फार गैरसोयीचं असतं. पैसे परत मागायचे राहूनच गेले.

मग त्याने रीत समजावली. चार जातीच्या बाटल्या घ्यायच्या. त्यांत आपला खरा माल भरायचा, नुसतं स्पिरिट नाही. कारण वासाची तेलंही प्लास्टिकला खातात. काही उभ्या ठेवायच्या, काही आडव्या, काही उलट्या. काही गरम कपाटात, काही फ्रिजमध्ये. दर गुरुवारी गिऱ्हाइकासमोर वजन करायचं, फवारा उडवून बघायचा, वास घ्यायचा आणि वहीत लिहायचं. सहा आठवडे वजन घटलं नाही, फवारा बिघडला नाही, वास बदलला नाही, तर बाटली पास.

"सहा आठवडे?" मी म्हटलं.

"घाई आहे का?"

"नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं.

घाई होती, आणि ती कोणाला सांगता येत नव्हती. बाबांचं नाक चाललं होतं.

बाबा वास करायचे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या साबणांसाठी, दुसऱ्यांच्या क्रीमसाठी वास जुळवले. डबा दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचं. स्वतःचा असा एकच वास त्यांनी केला होता, आई गेल्यानंतर, आणि तो सहा वर्षं घरातल्या कपाटात पडून होता. वरती लिंबाची साल, मध्ये ओलं लाकूड, आणि सगळ्यात शेवटी... बाबा म्हणत, इस्त्री. आई गरम कापडावर पाणी शिंपडून इस्त्री करायची, तेव्हा खोलीभर पसरायचा तो वास. मला ती इस्त्री कधीच आली नाही. माझं नाक सर्दी होण्यापुरतंच आहे. पण बाबा विचारायचे, "आली?" आणि मी म्हणायचे, "आली."

एका आजारपणानंतर डॉक्टरांनी सांगितलं, नाकामागची नस सुकत चालली आहे. थोडं थोडं करत सगळं जाईल. किती दिवसांत ते सांगता येत नाही. त्याच संध्याकाळी बाबांनी कपाट उघडलं आणि म्हणाले, हा एक वास तरी आता आपल्या नावाने बाहेर पडू दे. पण एक अट. बाटलीत राहून तो बदलत नाही ना, ते मी स्वतः हुंगून सांगेन. मी 'हाच' म्हणेन तेव्हाच विकायचा.

म्हणजे नाक शाबूत आहे तोवर बाटली ठरायला हवी होती. आणि हे बाजारात कळता कामा नये. गाणाऱ्याचा आवाज गेला तर लोकांना ऐकू येतं. वास करणाऱ्याचं नाक गेलं तर कोणाला समजत नाही, म्हणून आम्हीही कोणाला समजू दिलं नाही. मास्तरलाही नाही.

दुसऱ्या गुरुवारी पैलूवाली बाटली रीतसर नापास झाली. काचेची बाटली चांगली टिकली होती, पण घोडं पेंड खात होतं ते पंपाशी: आतला काळा रबरी वॉशर स्पिरिट पिऊन फुगला होता. मी कागदाच्या पट्टीवर फवारा उडवून घेतला, पट्टी डबीत घालून घरी नेली. बाबांनी ती नाकाखाली फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "रबर येतंय." मला तर काहीच आलं नव्हतं. मनात म्हटलं, नाक अजून जागेवर आहे.

मी फोन करून मास्तरला कळवलं. तो म्हणाला की रबराचा वास त्यालाही आला होता, पण त्याला वाटलं तो त्याच्या हातांचाच असेल. आयुष्य वॉशरमध्ये गेल्यावर माणसाला दुसरा कसला वास येणार? त्याने त्याच दिवशी वॉशर बदलला आणि काचेच्या बाटलीचे सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

चौथ्या आठवड्यापर्यंत बाकीच्या दोघीही गेल्या. पांढऱ्या मऊ प्लास्टिकच्या बाटलीचे गाल आत बसले आणि वजन घटलं. तिच्या अंगातून वास हळूहळू निसटत होता. पाण्याच्या बाटलीसारखी जी होती, तिच्यावर धुकं धरलं. उरली काच. दर गुरुवारी मी कामाचा सदरा बदलून, केस नीट बांधून निघायची आणि आत्या विचारायची, "बाटलीच बघायला चाललीस ना?" आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहते. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो.

खरं सांगायचं तर मी बाटली बघायला जात नव्हते.

त्या खोलीत दुसरं होतं तरी काय? बाहेर रिपरिप, आत ट्यूबचा पिवळट उजेड. तो काट्यावर बाटली ठेवायचा, मी आकडा वाचायची, तो लिहायचा. आमच्या श्वासानेही काटा हलायचा, म्हणून दोघांनी श्वास रोखायचा असा त्याचा नियम होता. आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही समोरासमोर, काचेच्या पेटीवर वाकून, श्वास रोखून उभे. एकदा मी म्हटलं, "आज फार वेळ लागतोय." तो आकड्याकडे बघतच म्हणाला, "काट्याला घाई नाही." त्याचे कान मात्र लाल झाले होते.

मग वासाची पाळी. तो पट्टीवर फवारा उडवायचा, वाट बघायचा, हुंगायचा आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहायचा. मी डोकावले की वही मिटायचा.

"एवढं काय लिहिता? बदल आहे किंवा नाही, एवढंच ना?"

"माझा मी अभ्यास करतो."

"मास्तर आणि अभ्यास?"

"नापास व्हायची भीती मलाही असते," तो म्हणाला, आणि चहा आणायला गेला.

घरी मात्र आभाळ खाली उतरत होतं. बाबांना जुनी सवय होती: कोणीही बाहेरून आलं की त्याचा हात धरून हुंगायचे आणि तो कुठून आला, काय करून आला ते सांगायचे. लहानपणी मला त्यांच्यापासून काही लपवता यायचं नाही. आता मी परतायची तेव्हा ते नुसते बघायचे. पट्टी नाकाखाली धरायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हं. ठीक आहे." तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात शेगडीवर दूध करपून पातेलं काळं झालं. बाबा तिथेच दोन हातांवर वाचत बसलेले. आत्या चिडली, मी म्हटलं, वाचनात गुंग असतील. आपल्याला जे नको असतं ते आपण असं नीट घडी घालून ठेवून देतो.

आठवा गुरुवार. काचेच्या बाटलीचे सहा आठवडे भरत होते. वजन तेच. फवारा तोच, बारीक, धुरासारखा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बाटली पास झाली की बाबांनी 'हाच' म्हणायचं आणि मी सुटायचं... आणि मग हा जिना पुन्हा चढायचं कारण उरणार नव्हतं. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी हव्या होत्या आणि नको होत्या.

त्याने पंप दाबला. नोझलकडे खूप वेळ बघितलं.

"थेंब धरतोय," तो म्हणाला. "अगदी बारीक. पंप बदलायला हवा. आणखी सहा आठवडे."

मला रडू यायला हवं होतं. उलट हलकं वाटलं. त्याबद्दल मी स्वतःला कधी माफ केलं नाही.

बाराव्या आठवड्यात, मंगळवारी, एक जुने दुकानदार घरी आले. त्यांनी बाबांपुढे दोन पट्ट्या ठेवल्या आणि सहज विचारलं, यातली कुठली घेऊ? बाबांनी दोन्ही हुंगल्या आणि म्हणाले, दोन्ही एकच तर आहेत. एक साबणाची होती, एक तंबाखूची. दुकानदार माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, सर्दी झालीय. ते गेल्यावर बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. "काही येत नाही गं," एवढंच म्हणाले.

त्या गुरुवारी मी भिजून चिंब होऊन वर पोचले. मास्तरने टॉवेल पुढे केला. मी तो हातात धरून उभी राहिले आणि तीन महिने दाबून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं: नस, डॉक्टर, बाबांची अट, दोन पट्ट्या. "आता घाई नाही," मी म्हटलं. "आता सावकाश पास करा बाटली."

तो हातातला पंप खाली ठेवायला विसरला होता.

"आठव्या गुरुवारी," त्याने हळू विचारलं, "आठव्या गुरुवारी त्यांना येत होता वास?"

"येत होता ना. कमी झाला होता, पण होता."

तो खुर्चीवर बसला.

"बाटली तेव्हाच पास झाली होती."

"तुम्ही म्हणालात थेंब धरतोय."

"थेंब नव्हता."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

"पास म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर पुढच्या गुरुवारी तुम्ही आला नसता... मला तुम्ही यायला हव्या होतात. दुसरं काही कारण नाही. मला वाटलं सहा आठवड्यांनी कोणाचं काय बिघडणार आहे. तेवढ्यात मी धीर करून बोलेन, असं वाटलं."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे ऐकून मी आनंदाने वेडी झाले असते. हेच ऐकायला मी बारा गुरुवार केस नीट बांधून आले होते. आणि आता ते कानांवर पडत होतं तेव्हा मला फक्त भिंतीकडे तोंड करून झोपलेले बाबा दिसत होते.

"तुला कळतंय का तू काय केलंस?" मी म्हटलं.

तोंडून 'तू' निघालं ते असं, रागात. त्याने मान डोलावली, एकदाच. मी टॉवेल त्याच्या टेबलावर टाकला आणि जिना उतरले. तो मागे आला नाही, आणि आला असता तरी मी थांबले नसते.

ठरलेल्या पाचशे बाटल्या मालकांनी घरपोच पाठवल्या. सोबत पास झाल्याचा कागद होता, आठव्या गुरुवारच्या तारखेचा. मी खोकी खोलीच्या कोपऱ्यात रचून ठेवली आणि एकही भरली नाही. 'हाच' कोण म्हणणार होतं? पाच गुरुवार असेच गेले. आभाळ हटायला तयार नव्हतं. कपडे वाळत नव्हते, बाबा बोलत नव्हते, आणि मी आत्याच्या अंगावर उगाच खेकसत होते. मला त्याचा राग येत होता आणि त्याची आठवण येत होती, आणि दोन्हींमुळे झोप लागत नव्हती.

"गुरुवार बंद झाला का तुझा?" एके दुपारी बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, थेंबासकट. म्हटलं, त्या माणसाने स्वतःपायी तुमचे शेवटचे दिवस खाल्ले. आठव्या गुरुवारी तो खरं बोलला असता तर तुम्ही तुमचा वास बाटलीतून एकदा तरी निखळ घेतला असता.

बाबांनी चष्मा काढला.

"नसता घेतला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ते रबर आलं होतं ना मला, दुसऱ्या गुरुवारी? त्यानंतर काही आलं नाही. त्याच आठवड्यात गेलं सगळं. दूध करपलं तेव्हा तू काय म्हणालीस, वाचनात गुंग असतील." ते हसले, पण हसू पुरं झालं नाही. "आयुष्यभर फुलं आणि लाकडं जुळवली, आणि शेवटचा वास आला तो रबराचा."

"आणि त्या पट्ट्या? दर गुरुवारी 'हं, ठीक आहे' म्हणायचात ते?"

"तुझं तोंड बघून म्हणायचो. तू घरात यायचीस ती इतकी उजळून... म्हटलं, नक्की ठीक चाललेलं दिसतंय. मी नाक गेलं म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बाटलीचा नाद सोडला असतास. मग त्या जिन्यावर कशाला चढली असतीस?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणजे आम्ही तिघे जण तीन महिने एकमेकांपासून काही ना काही लपवत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं यात कोणाचं काही बिघडत नाही. पण भलं कोणाचंच झालं नव्हतं. बाबांनी आपला वास बाटलीतून एकदाही निखळ घेतला नव्हता, आणि आता कधीच घेणार नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी गोदामात गेले. वार शुक्रवार होता. मला गुरुवारपर्यंत दम निघाला नाही. वरच्या खोलीत कोणी नवीनच माणूस बसला होता. मास्तर कुठे, म्हटलं. खाली, म्हणाला. गेला महिनाभर तो खाली खोकी बांधत होता. मालकांना त्याने स्वतः जाऊन सांगितलं होतं की मी गिऱ्हाइकाला खोटा निकाल सांगितला, मला तपासणीवर ठेवू नका.

तो पुठ्ठ्यांच्या ढिगापाशी, दोऱ्याची गुंडी हातात घेऊन, पाठमोरा बसला होता. वाळला होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि बाबांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं त्याचा चेहरा खुलेल. तो तसाच बसून राहिला.

"म्हणजे त्यांना कधीच..." तो म्हणाला.

"कधीच नाही."

"मग मी सुटलो असं कसं म्हणायचं? मला ते माहीत नव्हतं. मी तर आपलं खोटंच बोललो होतो."

मला तो तिथे, त्या वाक्याला, पुरता आवडला. मी त्याच्या शेजारी पुठ्ठ्यावर बसले. आमच्या दोघांच्या मध्ये दोऱ्याची गुंडी होती. ती मी उचलून बाजूला ठेवली.

"खोटं बोललास," मी म्हटलं. "मीही बोलले. मला घाई नाही म्हटलं होतं ना, पहिल्याच दिवशी? आणि आठव्या गुरुवारी तू थेंब म्हणालास तेव्हा मला... मला बरं वाटलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझे कान गरम झाले.

"ती वही कुठे आहे?" मी घाईने म्हटलं. "बाबांना वहीचं सांगितलंय, त्यांना ती ऐकायची आहे."

रविवारी तो घरी आला. धुतलेला सदरा, बगलेत वही, आणि तोंडावर परीक्षेला बसल्यासारखी कळा. आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही होय बाटली." त्याला ठसका लागला.

बाबा खिडकीशी बसले होते. बाहेर तेच करडं आभाळ. "वाच," ते म्हणाले. "आकडे नकोत. वासाचं वाच."

तो वाचायला लागला. पहिला आठवडा: लिंबू, पण सालीचं, रसाचं नाही. दुसरा आठवडा: रबर — की माझे हात? तिसरा आठवडा: रबर गेलं. ओलं लाकूड, पावसात राहिलेल्या दारासारखं. बाबा मान डोलावत होते. 'दार' या शब्दाला त्यांनी बोट उचललं, म्हणजे बरोबर. चौथ्या आठवड्याला तो अडखळला आणि एक ओळ गाळून पुढे गेला. ती वासाची नव्हती हे मला त्याच्या कानांवरून कळलं.

"पाचवा आठवडा," त्याने वाचलं. "आज पट्टी विसरून टेबलावर राहिली, तासाने घेतली तर मागे आणखी एक वास निघाला. ओळखीचा, पण आठवेना. दोन दिवसांनी आठवला. इस्त्री. गरम कापडावर पाणी शिंपडलं की येतो तो."

बाबांचं बोट हवेत तसंच राहिलं.

"हे तू सांगितलंस याला?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. मी कशी सांगणार? मला ती इस्त्री आयुष्यात कधी आलीच नव्हती. सहा वर्षं मी खोटं 'आली' म्हणत होते, आणि बाबांच्या डोळ्यांकडे बघून मला वाटलं, तेही त्यांना माहीत असावं.

"पुढे," बाबा म्हणाले. "पुढे आहे का ती?"

त्याने पानं उलटली. सहावा आठवडा: इस्त्री आहे. सातवा: आहे. आठवा: आहे, बाटली पास. इथे तो थांबला, बाबा 'पुढे' म्हणाले. नववा, दहावा, अकरावा: गरम कपाटातल्या बाटलीतही आहे. बारावा आठवडा कोरा होता.

बाबांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसत राहिले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे टिपत उभी होती.

"हाच," बाबा म्हणाले. "भरा बाटल्या."

मग त्यांनी हात पुढे केला. मास्तरला वाटलं निरोप देतायत, म्हणून त्याने आपला हात दिला. बाबांनी तो धरला आणि जुन्या सवयीने नाकाशी नेला... आणि तिथेच थबकले. मला वाटलं आता ते हात सोडतील आणि भिंतीकडे तोंड करतील.

त्यांनी तो हात तसाच धरून माझ्यापुढे केला.

"तू सांग," ते म्हणाले. "काय येतंय?"

मी वाकले. बारा गुरुवार काट्यावर वाकून, श्वास रोखून उभी होते, पण इतक्या जवळ कधी गेले नव्हते. डोळे मिटले आणि घाई केली नाही.

"रबर," मी म्हटलं. "आणि मागून थोडा आपला वास, बाबा."

"खरं सांगतेस?"

"या वेळी खरं."

बाबांनी हात सोडला नाही.

"रबर माझ्या ओळखीचं आहे," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे वळून आत्याला हाक मारली. "अगं, याचंही ताट घे. हा जेवूनच जाईल."